जखमी सायकलस्वारापर्यंत विधी साहाय्य पोहोचावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोटारीच्या धडकेत सायकलस्वार जखमी झाल्याची बातमी आपल्याकडे बहुधा चार ओळींची असते. ठिकाण, वेळ, वाहनाचा प्रकार आणि ‘रुग्णालयात उपचार सुरू आहेत’ एवढे वाक्य, की बातमी संपते. त्या उपचारांचा खर्च कोणी केला, गुन्हा नोंदला गेला का, नुकसानभरपाईचा अर्ज झाला का, हे पुढे छापून येत नाही, कारण बहुतेक वेळा पुढे काही घडलेलेच नसते. मी पेशाने वकील नाही. परंतु जखमी सायकलस्वारांच्या घरच्यांबरोबर पोलीस ठाणी, रुग्णालये आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण येथे सोबत म्हणून जाण्याचे काम गेली काही वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, या माणसांसाठी कायदा अपुरा आहे ही समजूत फारशी खरी नाही. कायद्यात त्यांच्यासाठी बरेच काही आहे; पण ते मिळण्यासाठी जी कागदपत्रे पहिल्या काही दिवसांत तयार व्हावी लागतात, ती करवून घेणारे त्या वेळी त्यांच्या खाटेपाशी कोणी नसते. विधी साहाय्याची यंत्रणा अस्तित्वात असूनही ती न्यायालयाच्या आवारात बसून राहते आणि जखमी माणूस तिच्यापर्यंत येईल अशी अपेक्षा करते. माझे सारे म्हणणे एवढ्याच मुद्द्यावर आहे.

आधी एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘माझ्या सायकलचा विमा नाही, मग मला पैसे कोण देणार?’ असे अनेक जण विचारतात. सायकल हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतले मोटार वाहन नाही. तिला नोंदणी, परवाना, विमा यांपैकी काहीच लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४६ ने प्रत्येक मोटार वाहनाला तृतीयपक्ष विमा सक्तीचा केला आहे आणि तो विमा मोटारमालकाच्या गाडीसाठी नसून तिच्यामुळे ज्यांचे नुकसान होईल अशा तिऱ्हाइतांसाठी आहे. सायकलस्वार हा त्या तिऱ्हाइतांपैकीच एक असतो. मोटारमालक ज्याला नुसते ‘थर्ड पार्टी’ म्हणून नाइलाजाने दरवर्षी भरतो, तो हप्ता रस्त्यावरच्या पेपरवाल्यासाठी, पहाटे पाळी संपवून घरी जाणाऱ्या सुरक्षारक्षकासाठी आणि शाळेत निघालेल्या मुलीसाठी भरलेला असतो. हे मोटारमालक आणि सायकलस्वार या दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते, म्हणून अपघातानंतर बोलणी होतात ती मालकाच्या खिशातून किती निघतील याचीच, आणि विमा कंपनीचा विषयच निघत नाही.

आता पहिल्या दिवसाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक दावे तिथेच बिघडतात. जखमीला रुग्णालयात बहुधा धडक देणारा चालकच आणतो, किंवा जमलेल्यांपैकी कोणीतरी आणतो. केसपेपर करताना ‘काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर तोच देतो आणि ते अनेकदा ‘सायकलवरून पडला’ असे असते. चालक दर वेळी कपटाने सांगतो असे नाही. घाबरलेला माणूस जेवढे कमी सांगता येईल तेवढे सांगतो. पण डॉक्टर ऐकले ते लिहितात, आणि पुढे दोन वर्षांनी न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो: रुग्ण स्वतःच पडला, अशी नोंद पहिल्याच तासाला झालेली असताना मोटारीचा संबंध येतोच कुठे? प्रकरण एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण) म्हणून नोंदले गेले आहे ना आणि केसपेपरवर वाहनाच्या धडकेचा उल्लेख आहे ना, हे जखमीच्या नातेवाइकाने त्याच दिवशी पाहून घ्यावे आणि चूक असेल तर लगेच लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी. हे अगदी किरकोळ वाटणारे काम आहे, परंतु ते न झाल्यामुळे हातचे गेलेले दावे मी पाहिले आहेत.

त्यानंतर येते ती ‘आपसात मिटवून घ्या’ ही सूचना. ती पोलीस ठाण्यातून येते, शेजाऱ्यांकडून येते, कधी कधी जखमीच्या मालकाकडूनही येते. चालक सुरुवातीच्या मलमपट्टीचे पैसे देतो, वर पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवतो आणि शंभराच्या मुद्रांकावर ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहून घेतो. एका सुरक्षारक्षकाच्या घरी हेच घडले. मांडीच्या हाडात सळई घालावी लागणार हे कळले तेव्हा चालकाचा दूरध्वनी लागेनासा झाला होता आणि गुन्हा नोंदवायला गेलेल्या त्याच्या पत्नीला तोच मुद्रांक दाखवण्यात आला. अशा कागदाने दखलपात्र गुन्हा पुसला जात नाही. निष्काळजीपणे वाहन चालवून दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ व २८१ खाली गुन्हा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य देणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे. खबर उशिरा दिली गेली तरी केवळ त्या कारणाने दावा फेटाळता येत नाही. जखमीला वाचवणे हे नातेवाइकांचे पहिले काम असते, पोलीस ठाण्यात धावणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र उशीर जितका अधिक, तितका ‘या गाडीचे नाव मागाहून घुसडलेले आहे’ हा विमा कंपनीचा आक्षेप बळकट होतो, हेही विसरून चालणार नाही. वाहनाचा क्रमांक, जागेची छायाचित्रे आणि मोडलेली सायकल जशीच्या तशी जपून ठेवणे या तीन गोष्टी त्यासाठी फार उपयोगी पडतात. पुष्कळ घरांत सायकल दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीला जाते, कारण घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तिच्यावरून कामाला जायचे असते. तेव्हा निदान तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून पंचनाम्यात तिची नोंद करून घ्यावी.

उपचारांच्या खर्चाबाबत अलीकडे एक चांगली तरतूद झाली आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कोणालाही अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमून दिलेल्या रुग्णालयात रोकडरहित उपचार मिळायला हवेत. सायकलस्वार त्यातून वगळलेला नाही. तरीही प्रवेशाच्या खिडकीवर अनामत रक्कम मागितली जाते, आणि योजनेचे नाव घेणारा नातेवाईक क्वचितच असतो.

पोलिसांच्या कामाविषयी सर्वसाधारण तक्रार अशी असते की, ते काही करीत नाहीत. ही तक्रार अधिक नेमकी करता येईल. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. पहिल्या अहवालाची प्रत जखमीला, विमा कंपनीला आणि विधी सेवा प्राधिकरणालाही (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही) द्यायची असते. जखमीचे हक्क काय आहेत हे सांगणारा एक छापील नमुना त्याला दहा दिवसांच्या आत देणे, हेही पोलिसांचेच काम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये तर असेही म्हटले आहे की, पोलिसांनी पाठवलेला अहवाल हाच भरपाईचा अर्ज म्हणून न्यायाधिकरणाने हाताळावा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी व्हावी यासाठी सविस्तर निर्देश दिले आणि अपघात दाव्यांच्या कामासाठी पोलिसांचे स्वतंत्र पथक असावे असेही सांगितले. मी ज्या कुटुंबांबरोबर गेलो, त्यांच्यापैकी एकाच्याही हाती तो हक्कांचा नमुना पडलेला मला दिसला नाही. तपासी अंमलदाराला विचारले तर तो बंदोबस्ताचे, मनुष्यबळाचे कारण सांगतो, आणि ते कारण खोटे नसते; पण एक छापील कागद हाती देण्याला मनुष्यबळ लागत नाही.

मुदतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९९४ नंतर जवळजवळ तीन दशके अपघात दाव्यांना मुदतीचे बंधन नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने ते पुन्हा आणले आणि १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, हा वाद प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला आहे. हा दिलासा असला तरी त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाचे सहा महिने अंथरुणातून काठीपर्यंत येण्यातच जातात. तो हिंडू-फिरू लागून वकील शोधायला निघतो तेव्हा मुदत संपलेली असते. ज्यांनी ही मुदत घातली त्यांच्या डोळ्यांसमोर खोटे दावे असावेत. खोटे दावे होतात हेही नाकारता येत नाही. पण खोटा दावा करणारी टोळी मुदतीत अर्ज करण्यात कधीच चुकत नाही. चुकतो तो खराखुरा जखमी.

अर्ज करताना दोन वाटा असतात आणि त्यांतली निवड जाणत्या माणसाच्या सल्ल्याशिवाय करू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. हाड मोडणे, सांधा निखळणे, दात पडणे हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतीत मोडते, म्हणून ही तरतूद सायकलस्वारांच्या नेहमीच्या दुखापतींना लागू पडते. कलम १६६ ची वाट लांबची आहे; तिथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, परंतु रकमेला वरची मर्यादा नाही. अडचण अशी की, विहित कार्यपद्धतीनुसार कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा अर्ज संपुष्टात येतो. मनगट मोडून तीन महिन्यांत बऱ्या झालेल्या माणसाला अडीच लाख रुपये झटपट मिळत असतील तर ते घेणे योग्य ठरेल. ज्याच्या कण्याला किंवा डोक्याला मार बसला आहे त्याने मात्र तसे केले तर जन्माचे नुकसान होईल. विमा कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन सहीसाठी कागद पुढे करतो तेव्हा हा फरक तो समजावून सांगेल, अशी अपेक्षा कोणी का करावी?

दुखापतीचे मोल कसे ठरते, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० मधला राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रत्येक विधी स्वयंसेवकाला पाठ असायला हवा. अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी आणि कमाई बुडण्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यात सांगितले आहे. डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले जाईल; पण तो हात सुताराचा किंवा चालकाचा असेल तर कमाई जवळजवळ पूर्णच गेली, आणि सरकारी कारकुनाचा असेल तर नोकरी कदाचित टिकेल, असे उदाहरण न्यायालयाने दिले आहे. सायकल हेच ज्याचे उपजीविकेचे साधन आहे, त्याला हा निकाल तंतोतंत लागू होतो. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर प्रमाणपत्रावर वीस टक्के लिहिले जाईल, परंतु दूध किंवा वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवणाऱ्या, पाव-बटर विकणाऱ्या, धार लावत गल्लोगल्ली फिरणाऱ्या माणसाचा धंदा वीस टक्क्यांनी कमी होत नाही, तो बंद पडतो. हे न्यायाधिकरणापुढे पुराव्यानिशी मांडणारा कोणी हवा. कमाईचा दाखला नसतो हीदेखील खरी अडचण आहे, पण ती दुस्तर नाही. दाखला नसेल तर किमान वेतनाचे दर आधाराला घेतले जातात, आणि ज्यांच्याकडे तो काम करतो त्यांनी साक्ष दिली तर त्याहून अधिक धरले जाऊ शकते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या दारात रोज पेपर टाकणारा मुलगा सायकलवरूनच येत असेल. त्याच्यावर अशी वेळ आली तर त्याचे महिन्याचे उत्पन्न सांगणारे एक साधे पत्र लिहून देणे आणि बोलावले तर साक्षीला जाणे, एवढे आपण करू शकतो. प्रत्यक्षात मात्र ‘कोर्टाच्या भानगडीत आम्हाला ओढू नका’ असे उत्तर मिळते.

मुलांच्या बाबतीत तर आणखी अनास्था आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात आणि ही योजना चांगलीच आहे. पण ज्या रस्त्यांवरून त्या मुली जातात तिथे उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर आणि वडाप जीपगाड्या धावतात. सायकल देताना शाळेने पालकांच्या हाती एक पानभर माहिती द्यावी, अपघात झाल्यास काय करायचे ते तीत असावे, असे कोणाला अद्याप सुचलेले दिसत नाही. ‘मुलगी कमावत नव्हती, मग भरपाई कशाची?’ असा प्रश्न तडजोडीच्या बैठकीत विचारला जातो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अपघातात कायमची परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात तिचे भावी उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनावरून धरले आणि जन्मभर लागणाऱ्या मदतनिसांचा खर्चही हिशेबात घेतला, हे त्या बैठकीत कोणी सांगत नाही.

शहरातल्या मध्यमवर्गीय सायकलस्वारांनाही एक गोष्ट कळलेली बरी. आरोग्य विम्यातून रुग्णालयाचे बिल भागले असेल तर मोटार अपघाताच्या दाव्यात तो खर्च मागता येत नाही, असे विमा कंपन्या सांगत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ते म्हणणे अमान्य केले. आरोग्य विम्याची रक्कम ही स्वतः भरलेल्या हप्त्यांचा मोबदला असून ती अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असा तो निर्णय आहे.

धडक देऊन पळालेल्या वाहनांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण तिथली परिस्थिती लाजिरवाणी आहे. पहाटे आणि रात्री सायकलवर असणारा माणूस अशा धडकेचा बळी सहज ठरतो. साक्षीदार नसतो, कॅमेरा नसतो, आणि क्रमांक पाहण्याच्या स्थितीत तो स्वतः नसतो. अशा प्रकरणांत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याआधी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्या पातळीवरील चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, न्यायालयात जावे लागत नाही, वकीलही लागत नाही. एवढे सोपे असूनही काय झाले? २०२२ या एका वर्षात देशात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली आलेले अर्ज होते अवघे २०५, त्यांतले निकाली निघाले ९५. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ च्या आपल्या आदेशात उद्धृत केले आणि असे बंधन घातले की, एका महिन्यात वाहनाचा तपास लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची आणि चौकशी अधिकाऱ्याच्या कार्यालयाची माहिती लेखी द्यावी. पन्नास हजारांत आजच्या काळात मोडलेल्या पायाची एक शस्त्रक्रियाही धड होत नाही, हे खरे आहे, आणि रक्कम वाढवण्याचा विचार करण्यास न्यायालयानेही सरकारला सांगितले आहे. पण जी रक्कम आज मंजूर होऊ शकते ती मागायलाही कोणी जात नाही, याचा दोष रकमेवर टाकता येत नाही.

‘सायकलवालेच बेशिस्त असतात’ हा आक्षेप या पत्राला उत्तर म्हणून नक्की येईल, म्हणून त्याचा विचार इथेच करतो. उलट्या दिशेने जाणारे, सिग्नल न पाळणारे, मागे साधा लाल दिवा किंवा परावर्तकही न लावणारे सायकलस्वार मी रोज पाहतो आणि त्यांचे समर्थन करीत नाही. त्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर भरपाईतून तेवढा वाटा वजा होतो, आणि ते रास्त आहे. परंतु ‘हेल्मेट नव्हते’ हे कारण मात्र सायकलस्वाराच्या बाबतीत ओढूनताणून आणलेले असते; घालणे हिताचे आहे, पण कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. दुसरे असे की, पुराव्याचे ओझे फौजदारी खटल्याइतके जड नसते. चालकाला शिक्षा झाली नाही म्हणून दावा बुडत नाही. घटना कशी घडली असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे पाहून न्यायाधिकरण निर्णय देते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडून सायकलस्वार आपटला, तर ‘गाडी चालूच नव्हती’ असा बचाव होतो. वाहन थांबलेले असले तरी ते ‘वापरात’ असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच, पुणे-बंगळूर महामार्गावर उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट झाला त्या प्रकरणात, सांगून ठेवले आहे. सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्या नेदरलँड्समध्ये चौदा वर्षांखालील मुलाला मोटारीची धडक बसली तर जवळजवळ प्रत्येक वेळी पूर्ण भरपाई मोटारीच्या बाजूने द्यावी लागते, आणि मोठ्या माणसाची चूक असली तरी निम्मी भरपाई सहसा सुटत नाही. जड आणि वेगवान वाहन रस्त्यावर आणणाऱ्याने धोक्याची जबाबदारीही उचलावी, हे तिथले तत्त्व आहे. आपल्याकडे तेथील सायकलमार्गांची चित्रे सादरीकरणांत येतात, हा कायदा येत नाही.

आता वकिलांविषयी. अपघात दाव्यांचे काम निष्ठेने करणारे वकील प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण रुग्णालयाच्या आवारात घोटाळणारे आणि ‘आता काही देऊ नका, मिळाले की टक्के द्या’ असे सांगणारे मध्यस्थही आहेत. निकालावर अवलंबून असलेली किंवा रकमेच्या टक्केवारीत ठरवलेली फी बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले असेच एक प्रकरण मोटार अपघाताच्या भरपाईतून मागितलेल्या फीचेच होते, आणि न्यायालयाने अशा टक्केवारीला व्यावसायिक गैरवर्तन म्हटले. तरीही ही पद्धत चालू आहे, याचे कारण उघड आहे: हातात रोख पैसा नसलेल्या माणसाला दुसरा मार्ग दाखवलेलाच नसतो.

तो मार्ग विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे अपघाताने ज्याला कायमचे अपंगत्व आले, तो त्या अपंगत्वामुळेही पात्र ठरतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समितीचे कार्यालय असते, १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. मोफत मिळणारा वकील दुय्यमच असणार, हा समज मात्र प्राधिकरणांनी स्वतः काम दाखवून घालवायला हवा; अपघात दाव्यांचा अनुभव असलेल्या वकिलांची वेगळी यादी ठेवली तर ते कठीण नाही. लोकअदालतीबाबतही सावध करावेसे वाटते. तिथे अपघात दावे लवकर मिटतात, हे खरे. पण तिच्या निवाड्यावर अपील नसते, आणि अपंगत्व किती राहणार हे डॉक्टरांनी निश्चित करण्यापूर्वीच तडजोड करून बसलेल्या माणसाला नंतरच्या शस्त्रक्रियेचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

यावर माझी मागणी मोठ्या निधीची नाही. पहिल्या अपघात अहवालाची प्रत नियमाप्रमाणे विधी सेवा प्राधिकरणाकडे जायची आहे. तिच्यावर जखमीचे नाव आणि रुग्णालय असते. ती प्रत आल्यापासून आठवड्याच्या आत प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकाने त्या खाटेपाशी जावे, केसपेपर पाहावा, खबरीची प्रत मिळाली का ते विचारावे, सहा महिन्यांची तारीख कागदावर लिहून द्यावी आणि पात्र असल्यास मोफत वकिलाचा अर्ज तिथेच भरून घ्यावा. जिल्हा रुग्णालये आणि मोठी महापालिका रुग्णालये यांच्या अपघात विभागात आठवड्यातून काही ठराविक वेळ असा स्वयंसेवक बसवता येईल. अपघाताच्या हक्कांचा नमुना स्वच्छ मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात दर्शनी भागात लावावा. सध्या त्याची भाषा वकिलालाही दोनदा वाचावी लागेल अशी आहे. शहरोशहरी जे सायकल क्लब आहेत, त्यांनी रविवारच्या लांब फेऱ्यांबरोबर आपल्याच रस्त्यावर पोटासाठी सायकल चालवणाऱ्यांच्या अपघातांकडेही लक्ष द्यावे. त्यांच्यात वकील असतात, डॉक्टर असतात, आणि कॅमेरा लावून फिरणारेही असतात.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. सायकलस्वार जखमी झाल्याची बातमी देताना गुन्हा नोंदवला गेला की नाही आणि वाहनाचा तपास लागला की नाही, ही दोन वाक्ये तिच्यात घालावीत, आणि महिन्याभराने आपल्या वार्ताहराने त्याच पोलीस ठाण्यात त्या बातमीची पुन्हा चौकशी करून उत्तर छापावे.

आपला,
एक नियमित वाचक व सायकलस्वार, पुणे